४००७०६ : आपल्या पिनकोडाची चौकशी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे, की "गणितावर बोल, पण झोप आणू नकोस." जेवणाच्या आधीची वेळ आहे, त्यामुळे झोपेपेक्षा भुकेचीच भीती जास्त. मी गेली सतरा वर्षं शाळेत गणित शिकवते. शिक्षकाला बोलायला उभं करणं सोपं असतं, बसवणं अवघड. तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मी पहिल्या बाकावर बसलेल्या आपल्या बाईंवर सोपवते. ती त्यांनी पाच वर्षं चोख सांभाळली आहे.

आजचा विषय एक संख्या आहे. सहा अंकी. आपण प्रत्येकाने ती शेकडो वेळा लिहिली आहे. शाळेच्या प्रवेश अर्जावर, बोर्डाच्या फॉर्मवर, सुट्टीत गावाहून मैत्रिणीला पाठवलेल्या पोस्टकार्डावर. ४००७०६. नेरूळचा पिनकोड. इतक्या वेळा लिहूनही आपण तिच्याकडे संख्या म्हणून कधी पाहिलं नाही. आज तिची चौकशी करू.

आधी ती आली कुठून ते सांगते. पिनकोडाची पद्धत देशात सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे जाणकार. अडचण साधी होती. देशात एकाच नावाची अनेक गावं, त्यांत पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. पत्र उचलणाऱ्याला ती सगळी अक्षरं यायला हवीत असं कसं चालेल? अंक मात्र कुणालाही वाचता येतात. म्हणून सहा अंक. पहिला अंक मोठा विभाग दाखवतो. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात. पहिले तीन अंक मिळून टपाल कुठे वर्गवारीला जाणार ते सांगतात आणि शेवटचे तीन अंक ते कोणत्या टपाल कार्यालयातून वाटलं जाणार ते सांगतात.

म्हणजे खरं पाहता पिनकोड ही संख्या नाहीच, ते नाव आहे. अंकांनी लिहिलेलं नाव. वाशीच्या पिनकोडात बेलापूरचा पिनकोड मिळवला तर काही हाती लागत नाही. आपला हजेरी क्रमांकही असाच होता. चाळीस क्रमांकाचा मुलगा वीस क्रमांकाच्या मुलीच्या दुप्पट नव्हता, उंचीत तर नाहीच. पण नावालासुद्धा अर्थ असतो. म्हणून थोडा वेळ हे नाव आहे हे विसरू आणि चार लाख सातशे सहा ही एक भरभक्कम संख्या आहे असं धरून तिला प्रश्न विचारू.

गणितात ओळख करून घेण्याची एक ठरलेली रीत आहे. पहिला प्रश्न : तू मूळ संख्या आहेस का? म्हणजे १ आणि स्वतः सोडून तुला कुणी निःशेष भागतं का? शेवटचा अंक ६, म्हणजे सम. झालं, मूळ संख्या नाही. दोनाने भागल्यावर उरले २००३५३. आता ३, ७, ११, १३, १७, १९ सगळ्यांनी भागून पाहा, दर वेळी बाकी उरते. २३ ला मात्र भाग जातो, आणि उत्तर येतं ८७११. ते म्हणजे ३१ गुणिले २८१. आणि २८१ पुढे फुटत नाही. तर

४००७०६ = २ × २३ × ३१ × २८१

चार मूळ अवयव, चारही वेगळे, एकही दोनदा आलेला नाही. या चौघांत सगळ्यात देखणा आहे २८१. पहिल्या चौदा मूळ संख्यांची, म्हणजे २, ३, ५, ७ पासून ४३ पर्यंतची बेरीज करा, नेमकी २८१ येते. घरी करून पाहा, इथे विश्वास ठेवा.

दुसरा प्रश्न : तुझ्या विभाजकांची बेरीज किती? ही विचारपूस फार जुनी, ग्रीकांपासूनची. २८ चे विभाजक घ्या, स्वतः २८ सोडून : १, २, ४, ७, १४. बेरीज बरोबर २८. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. १२ चे घ्या : १, २, ३, ४, ६. बेरीज १६, म्हणजे स्वतःपेक्षा जास्त. ती विपुल. आणि ज्यांची बेरीज कमी पडते त्या न्यून. आपल्या ४००७०६ ला एकूण सोळा विभाजक आहेत. स्वतःला सोडून उरलेल्या पंधरांची बेरीज येते २,४९,०२२. खूपच कमी. तेव्हा नेरूळ न्यून.

मूळ नाही, परिपूर्ण नाही. निकालपत्र काही फार चांगलं दिसत नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना अशा निकालपत्राची सवय आहे, तेव्हा पुढे जाऊ.

आतापर्यंतचे दोन प्रश्न खुद्द संख्येबद्दलचे होते. चार लाख सातशे सहा तांदळाचे दाणे घेतले आणि दहाच्या ऐवजी बाराच्या हिशेबाने मोजले, तरी त्यांचे २३ सारखे ढीग होणारच. संख्या लिहायची कशी याच्याशी त्याचा संबंध नाही. पण प्रश्नांचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो संख्या आपण दशमान पद्धतीने कशी लिहितो त्यावर, म्हणजे तिच्या अंकांवर बेतलेला आहे. या दुसऱ्या प्रकारात ज्याने आयुष्य घातलं तो माणूस आपल्या महाराष्ट्रातला शाळामास्तर होता. आजच्या भाषणातला खरा पाहुणा तोच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली आणि पदव्यांचा हिशेब तिथेच संपला. १९३० पासून १९६२ पर्यंत, बत्तीस वर्षं, ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. हाताशी कागद-पेन्सिल. संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शोध लागले की पुस्तिका स्वतःच्या पैशाने छापायचे. गणिताच्या परिषदांना जायचे आणि तिथे आपली संख्यांची गंमत मांडायचे.

देशातल्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसं गांभीर्याने घेतलं नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अंकांची करामत म्हणजे खरं गणित नव्हे, असं मानणारे बरेच होते, आणि त्यांत सर्वांत मोठं नाव हार्डी यांचं. रामानुजनना केंब्रिजला नेणारे तेच जी. एच. हार्डी. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं आहे. चार अंकी संख्यांत उलट लिहिलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या एवढ्या दोनच आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डींचं म्हणणं, हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला यात काही नाही. हार्डींच्या उंचीवरून ते बरोबरही असेल. पण मी सातवीच्या वर्गावरून बोलते आहे, आणि तिथून हेच चित्र वेगळं दिसतं. त्याकडे मी येणार आहे.

आधी कापरेकरांचे प्रश्न आपल्या पिनकोडाला विचारू.

पहिला, हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. नाव त्यांनीच ठेवलं. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद. ४००७०६ च्या अंकांची बेरीज १७. भागून पाहा, बाकी उरते १६. एकाने हुकलो! नेरूळ हर्षद नाही. पण जरा थांबा. आपलं दहावीचं वर्ष १९९८. अंकांची बेरीज २७, आणि १९९८ भागिले २७ बरोबर ७४. हर्षद. मेळाव्याचं वर्ष २०२३. बेरीज ७, आणि २०२३ भागिले ७ बरोबर २८९, म्हणजे १७ चा वर्ग. हेही हर्षद. आपण निघालो हर्षद वर्षी आणि पंचवीस वर्षांनी भेटलो हर्षद वर्षी. संयोजकांनी तारीख ठरवताना एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण श्रेय त्यांना देऊन टाकू.

दुसरा प्रश्न, स्वयंभू संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या मिळते. २१ घेतला तर २१ अधिक ३, म्हणजे २४. इथे २१ हा २४ चा जनक. पण काही संख्यांना असा जनकच नसतो. २० घ्या, कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० कधी येत नाही. ३१ ही तशीच. त्या आपल्या आपण प्रकटलेल्या, म्हणून स्वयंभू. नेरूळ स्वयंभू आहे का? शोधलं तर जनक सापडतो : ४००६८४. त्याच्या अंकांची बेरीज २२, आणि ४००६८४ अधिक २२ म्हणजे ४००७०६. त्याचाही जनक आहे, ४००६६४. म्हणजे स्वयंभू नाही, पण घराणं आहे. आणि आपल्या चार मूळ अवयवांतला ३१ स्वयंभू आहे, एवढं समाधान.

तिसरा प्रश्न कापरेकरांचा नाही, पण त्याच गोत्रातला आहे. आनंदी संख्या. अंकांचे वर्ग करून बेरीज करा, पुन्हा तेच करा. शेवटी १ आला तर संख्या आनंदी. १९ घ्या : ८२, ६८, १००, १. आनंदी. ४००७०६ चं काय? १६, ४९ आणि ३६, मिळून १०१. त्याचे २. मग ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, आणि पुन्हा ४. गोल गोल फिरत राहिलो. आनंदीही नाही.

मूळ नाही, परिपूर्ण नाही, हर्षद नाही, स्वयंभू नाही, आनंदी नाही. पाच विषयांत नापास. आता शेवटचा पेपर, आणि तो कापरेकरांच्या सगळ्यात गाजलेल्या शोधाचा आहे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. आपलं १९९८ घेऊ :

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ वर हेच केलं तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी थांबली. २०२३ घेतलंत तर सहा पायऱ्या लागतात, पण पोचतो तिथेच. कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला येते. हा कापरेकर स्थिरांक. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीचा निवृत्त मास्तर जगभर माहीत झाला. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. आणि हो, ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३. तीही हर्षद.

पिनकोड मात्र सहा अंकी, आणि सहा अंकांचा कारभार वेगळा आहे. तिथे एकच मुक्काम नाही. दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. तिथे पोचलं की तीच संख्या पुन्हा येते. शिवाय एक सात संख्यांचं चक्र आहे. त्यात शिरलेली संख्या कधीच थांबत नाही. सात पायऱ्या फिरून पुन्हा पहिल्या जागी. ते चक्र असं : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि परत ८५१७४२.

मी गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावलं. ४००७०१ पासून ४००७०९ पर्यंतच्या नऊ संख्या वाटून दिल्या. आपल्या आजूबाजूचे बरेच पिनकोड त्यांत येतात. निकाल ऐका.

वाशी, ४००७०३. बरंच भटकते आणि दहाव्या पायरीला चक्रात सापडते. सानपाडा, ४००७०५. पहिल्या वजाबाकीत ७५३५४३, दुसऱ्यात ४२०८७६, चक्रात. ऐरोली, ४००७०८, चक्रात. कोपरखैरणे, ४००७०९, दोन पायऱ्यांत चक्रात. पलीकडे बेलापूर, ४००६१४, त्याची तर पहिल्याच वजाबाकीला ६४२६५४ होते, थेट चक्रात. आणि नेरूळ?

७६४००० − ०००४६७ = ७६३५३३
७६५३३३ − ३३३५६७ = ४३१७६६
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

तिसऱ्या पायरीला थांबा! ४००७०१ ते ४००७०९ या नऊ संख्यांत थांब्यावर पोचणारी एकच, आणि ती आपली. बाकी आठही चक्रात फिरतात. मुलांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा एक जण म्हणाला, "टीचर, बाकीचे सगळे लोकलमध्ये बसून राहिले, आपण नेरूळला उतरलो."

वाशीकरांनी वाईट वाटून घेऊ नये. ४००७०३ चे शेवटचे तीन अंक ७०३. त्याचा वर्ग ४९४२०९. मधोमध तोडा आणि बेरीज करा : ४९४ अधिक २०९, म्हणजे ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या असंच नाव आहे. आणि कोथरूडला स्थायिक झालेल्यांसाठी : ४११०३८ सुद्धा तिसऱ्या पायरीला वाशीच्याच वाटेला लागतो आणि चक्रात जातो. खुद्द देवळालीचा ४२२४०१ देखील. अमेरिकेहून आलेल्या चौघांसाठी तर वाईट बातमी आहे. पाच अंकी संख्यांना थांबाच नाही. तुमचा झिपकोड, सगळे अंक सारखे असल्याखेरीज, कायम फिरतच राहणार. फार मनाला लावून घेऊ नका. सुट्टी काढून आलात, इथे थांबलात, पुरे आहे.

आता गंभीर दोन गोष्टी.

पहिली : नेरूळ थांब्यावर पोचलं यात नेरूळचं काही कर्तृत्व नाही. शेवटचा अंक ६ ऐवजी ५ असता तर आपणही फिरत बसलो असतो. यातून भविष्य, शुभ-अशुभ काही निघत नाही, आणि कुणी काढायला लागलं तर त्याला थांबवणं हे गणित शिकलेल्या माणसाचं काम आहे. यात जे खरं आहे ते वेगळं. प्रत्येक संख्या थांबते तरी किंवा फिरते तरी, हे मात्र योगायोगाने होत नाही. सहा अंकी संख्या मोजक्याच आहेत, दहा लाखांच्या आत. पायऱ्या करत गेलं की कधी ना कधी आधी आलेली संख्या पुन्हा यायलाच हवी. आणि एकदा ती आली की पुढचं सगळं आधीसारखंच. शिवाय पहिल्या वजाबाकीनंतरचं प्रत्येक उत्तर नऊने भागलं जातं, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. सातवीच्या मुलाला हे समजतं. याला सिद्धता म्हणतात हे त्याला नंतर कळलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट माझ्या वर्गातली. मुलीचं नाव सांगत नाही. सातवीत आली तेव्हा तिने माझ्याशी पहिलं वाक्य बोललं ते, "टीचर, मला गणित येत नाही." नाव सांगावं तसं सांगितलं. बारा वर्षांची मुलगी. तिची आई चार घरची कामं करते, वडील नाक्यावर उभे राहतात. हातच्याची वजाबाकी तिला खरोखरच जमत नव्हती, वरच्या अंकात शून्य आलं की हात थांबायचा. पुस्तकातली वजाबाकी तिला द्यायची म्हणजे तेच वाक्य पुन्हा तिच्याकडून म्हणवून घेणं.

तिला मी ६१७४ दाखवलं आणि म्हटलं, "एखादी न पोचणारी संख्या शोधून दे." पुढचे तीन आठवडे ती वहीच्या मागच्या पानांवर वजाबाक्या करत होती. कुणी गृहपाठ दिला नव्हता. यात एक सोय आहे : उत्तर चुकलं की बहुतेक वेळा ते नऊने भागलं जात नाही, त्यामुळे चूक तिची तिलाच सापडायची, लाल पेनाची गरज नाही. शे-दीडशे वजाबाक्या झाल्या असतील. एक दिवस येऊन म्हणाली, "टीचर, चारवाल्या सगळ्या पोचतात. सहावाल्या पण पोचतात का?"

मित्रहो, हा प्रश्न मी तिला शिकवला नव्हता. पुस्तकातही नाही. मघाशी पिनकोडांचा जो निकाल मी वाचून दाखवला त्याची सुरुवात त्या प्रश्नातून झाली, आणि वाशीच्या दहा पायऱ्या तिने एकटीने केल्या आहेत. मी तपासल्या, एकही चूक नव्हती. शून्यं होती, हातचे होते, सगळं होतं.

ती आता हुशार झाली, पहिली आली, असं मी सांगणार नाही. अपूर्णांक अजून अडतात. पण "मला गणित येत नाही" हे वाक्य गेलं. आता म्हणते, "अपूर्णांक येत नाहीत." या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते इथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. पहिलं वाक्य स्वतःबद्दलचं असतं, दुसरं एका धड्याबद्दलचं. धडा पुन्हा शिकवता येतो.

म्हणून हार्डींना मी नम्रपणे सांगेन, की कोड्यांच्या सदरातलं गणित असेल हे, पण मुलं दारातून आत येतात ती इथूनच. कापरेकर बत्तीस वर्षं वर्गात उभे होते. त्यांना हे ठाऊक असणार.

आपल्या वेळीही असं वाक्य म्हणणारे होते. इथेच बसले आहेत, नावं घेत नाही. त्यांतले काही आज उत्तम धंदा करतात, शंभर माणसांचे पगार तोंडी सांगतात आणि अजूनही म्हणतात, "माझं गणित कच्चं." ते वाक्य वयाच्या बाराव्या वर्षी चिकटलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षीपण निघणार नाही, वेळीच कुणी काढलं नाही तर.

आता विनंती. या मेळाव्याची वर्गणी जमा झाली तिच्यातून काही रक्कम उरणार आहे, असं खजिनदार सांगतात. मुख्य दाराशी कमान उभारावी अशी एक सूचना आली आहे. कमान चांगलीच दिसेल. पण माझा प्रस्ताव असा : ती रक्कम शाळेला गणिताच्या खेळांसाठी आणि पुस्तकांसाठी द्यावी, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं, आपल्यापैकी जे पनवेलपासून ठाण्यापर्यंत कुठेही राहतात त्यांनी वर्षातून दोन शनिवार सकाळी शाळेत यावं. सातवी-आठवीच्या ज्या मुलांनी स्वतःला वर्गाच्या हिशेबातून वजा करून टाकलं आहे, त्यांच्याशेजारी बाकावर बसावं. शिकवायला नको, सोबत वजाबाकी करायला. तुम्हाला गणित येत नसेल तर फारच उत्तम, मुलांना बरं वाटेल. चाळीस जण आले तर वर्षाचे ऐंशी शनिवार होतात, आणि वर्षात शनिवार आहेत बावन्न. म्हणजे काही शनिवारी दोघं-दोघं. दोघं असले की चहाला सोबत होते.

मघाशी मी म्हटलं, की नेरूळच्या संख्येत नेरूळचं कर्तृत्व काही नाही. पण शाळेत होतं. हातचा म्हणजे काय हे मला इथेच समजलं, तिसऱ्यांदा सांगितल्यावर. तिसऱ्यांदा सांगणारं कुणीतरी होतं म्हणून. बाई, ते तुम्ही होतात, आणि तुम्ही घड्याळाकडे पाहायला लागला आहात, तेव्हा मी थांबते.

जाता जाता गृहपाठ. जेवणाच्या टेबलावर कागदी रुमाल ठेवलेले आहेत. आपापल्या आत्ताच्या पिनकोडाची वजाबाकी करा, आणि थांबा आला की चक्र ते कोपऱ्यात लिहून शनिवारच्या यादीसोबत खजिनदारांकडे द्या. पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण मिळणार नाहीत.